करपलेल्या पानाची खालची बाजू

नाक तयार ठेवा. तुम्ही उतरणार आहात १८४५च्या सप्टेंबरात, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या किंग्ज क्लिफ या गावात, आणि या महिन्यात बटाट्याच्या शेताजवळून जाणाऱ्याला सगळ्यात आधी भेटतो तो वास. ओला, गोडसर, आणि दोन श्वासांत उबग आणणारा. गेल्या आठवड्यात हिरवीगार असलेली पाती काळी पडून सऱ्यांवर लोळतायत. एक बाई कुदळीने वरंबा उकरते, हाताला लागलेला बटाटा दाबून बघते. तो बोटांतच फुटतो. ती काही बोलत नाही, पुढचा वरंबा उकरायला घेते.

तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे, ही या प्रवासातली खरी अडचण. नियम साधा आहे. बघायचं, ऐकायचं, हुंगायचं. सांगायचं मात्र काही नाही. तुम्ही इथे कुणाला दिसत नाही.

रोग या वर्षी जुलैच्या सुमारास बेल्जियममध्ये फोफावला, ऑगस्टमध्ये खाडी ओलांडून दक्षिण इंग्लंडात आला आणि याच महिन्यात आयर्लंडला पोचला. आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांच्या वर. तिथल्या गरिबांचं पोट बटाट्यावर, आणि बटाटा म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘लंपर’ नावाचा एकच वाण. पुढच्या काही वर्षांत तिथे सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि साथीच्या तापाने जाणार आहेत, आणखी १० लाखांहून जास्त देश सोडून जाणार आहेत. समोरच्या बाईला यातलं काही माहीत नाही. चला, इथे उभं राहून उपयोग नाही.

घर शोधायला वेळ लागत नाही. खेड्यात पाद्रीबाबांचं घर लपून राहत नाही. रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली यांचं वय ४२. जवळच्या ॲपथॉर्प आणि वुड न्यूटन या दोन ठिकाणच्या चर्चचं काम त्यांच्याकडे आहे. उत्पन्न बेताचं, गोतावळा मोठा, म्हणून घरात मुलं ठेवून घेऊन त्यांना शिकवण्याचाही उद्योग. बुरश्यांचा अभ्यास करतो म्हणून पगार मिळावा, अशी नोकरी त्या इंग्लंडात नाहीच. तेव्हा प्रवचनं, शिकवण्या, बारसी आणि दफनविधी यांच्या फटीत जेवढा वेळ सापडेल तेवढ्यात शास्त्र. घर जागं व्हायच्या आत या टेबलाशी बसलेला हा माणूस इंग्लंडातला बुरश्यांचा सर्वांत मोठा जाणकार आहे, हे त्याच्या दाराशी शिकवणीला आलेल्या पोरांना सांगूनही खरं वाटायचं नाही.

टेबलाकडे नीट बघा. सूक्ष्मदर्शक, सुया, पाण्याची वाटी, काचेच्या पट्ट्या. बाजूला कागदाच्या घडीची पाकिटं, प्रत्येकावर बारीक अक्षरात जागा, तारीख, कुणी पाठवलं ते. बुरशी टिकवणं हे फूल दाबून ठेवण्याइतकं सरळ काम नाही. लाकडावरची कडक अळंबी तशीच वाळते, पण मऊसूत छत्री रात्रीत काळी पडते, तिचा रंग जातो, वास जातो, आणि राहिलेल्या चिपटावर किडे ताव मारतात. म्हणून ती ताजी असतानाच सगळं टिपून घ्यायचं: कापल्यावर रंग बदलतो का, चीक येतो का, वास पिठाचा की मुळ्याचा. छत्रीचा देठ कापून ती कागदावर पालथी ठेवली की रात्रभरात बीजाणूंची बारीक पूड खाली पडते आणि पडद्यांची नक्षी जशीच्या तशी उमटते. त्या पुडीचा रंग पांढरा, गुलाबी, तपकिरी की काळा, यावर स्वीडनच्या एलियास फ्रीसने छत्रीवाल्या बुरश्यांची अख्खी मांडणी उभी केली. घरी करून बघण्यासारखा प्रकार आहे; मंडईतल्या बटण मशरूमची छत्री पूर्ण उमललेली मिळाली तर पूड गडद तपकिरी पडते.

आज मात्र टेबलावर अळंबी नाही. बटाट्याचं पान आहे, उलटं ठेवलेलं.

बर्कली उठून खिडकीशी गेले की तुम्ही डोळा लावा. आधी तपकिरी डाग दिसेल. त्याच्यात बघण्यासारखं फार नाही, तो भाग मेलेला आहे. डागाच्या कडेला या. तिथे पांढरट, धुक्यासारखी किनार आहे. सुईने खालची साल अलगद सोलून पाण्याच्या थेंबात ठेवली की ते धुकं सुटं होतं. पानाच्या श्वासरंध्रांतून दोन-दोन, तीन-तीन पारदर्शक तंतू बाहेर आलेले, वर जाऊन फांद्या फुटलेल्या, आणि फांद्यांच्या टोकांशी लिंबाच्या आकाराचे कण. हलक्या धक्क्याने कण गळतात. आता पानाच्या आत बघा. पेशींच्या मधल्या जागांतून तेच तंतू सरकत गेलेत, डागाच्या बाहेरसुद्धा. तंतू पोचलाय आणि पान अजून हिरवं आहे, अशी एक अरुंद पट्टी दिसते. ती हिरवी पट्टी लक्षात ठेवा. पुढचा सगळा तंटा तिच्यावरच आहे.

या बुरशीचं नुकतंच बारसं झालंय. ३० ऑगस्टला पॅरिसमध्ये कामी मोंताञ या नेपोलियनच्या काळापासून सैन्यात असलेल्या निवृत्त डॉक्टरने तिला बोट्रायटिस इन्फेस्टन्स हे नाव दिलं. माल्मेदीच्या मारी-आन लिबेर यांनीही त्याच ऑगस्टमध्ये तिचं वर्णन करून वेगळं नाव सुचवलं होतं, पण टिकलं ते मोंताञचं. मोंताञ आपली चित्रं आणि टिपणं बर्कलींना पाठवतो. दोन देशांतले दोन हौशी गृहस्थ, एकाचं आयुष्य छावणीत गेलेलं, दुसऱ्याचं चर्चमध्ये, आणि टपालाच्या पाकिटातून त्यांचं शास्त्र चाललंय. बुरशीशास्त्राच्या पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर निम्मा पाद्र्यांचा, डॉक्टरांचा आणि टपालखात्याचाच लिहावा लागेल.

इथे आठ वर्षं मागे उडी मारू. बटाट्याच्या भानगडीत पडण्याआधी या माणसाचा हात कशावर बसला होता, ते बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१८३७. हेच गाव. बर्कली छत्रीच्या पडद्याचा इतका पातळ काप घेतायत की पात्याखाली तो दिसतसुद्धा नाही. तोवर जवळजवळ सगळे धरून चालले होते की बुरशीचे बीजाणू पिशवीत तयार होतात. काही बुरश्यांत तसं दिसलं होतं म्हणजे सगळ्यांत तसंच असणार. चित्रंही तशीच काढली जात. बर्कली बघतात तर पडद्याच्या कडेला पिशव्या नाहीत. फुगीर दांडे आहेत, प्रत्येक दांड्याच्या माथ्यावर चार बारीक काटे आणि प्रत्येक काट्यावर एक बीजाणू. एका जातीत दिसलं, दुसरीत दिसलं, मग गुच्छेदार अळंबींत दिसलं. १८३८ साली त्यांनी हे छापलं. पॅरिसच्या लेव्हेयेने स्वतंत्रपणे हेच थोडं आधी दाखवलं होतं, तेव्हा पहिलेपणाचा मान त्याचा. पण त्या चार काट्यांनी बुरश्यांचं राज्य दोन मोठ्या घराण्यांत विभागलं, पिशवीवाली आणि दांडेवाली, आणि आजच्या पाठ्यपुस्तकातही ती फाळणी कायम आहे. डोळ्यांना जे दिसतं ते, पुस्तकात जे आहे त्याच्या विरुद्ध असलं तरी, काढायचं: बर्कलींच्या कामाचा कणा हाच.

त्यांच्या घरी येणारी पाकिटंही बघून घ्या. चार्ल्स डार्विन ‘बीगल’वरून परतला तेव्हा त्याच्या सामानात दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या, तिएरा देल फ्वेगोतल्या बुरश्या होत्या. झाडाच्या फांद्यांवर पिवळे गोळे येतात आणि तिथले लोक ते कच्चेच खातात, असं त्याने टिपून आणलं होतं. ओळख पटवायला ते बर्कलींकडे आले. नाव पडलं सिटारिया डार्विनाय. दोघेही केंब्रिजच्या एकाच क्राइस्ट्स कॉलेजचे, पण बर्कली बाहेर पडल्यावर काही वर्षांनी डार्विन तिथे आला. पुढे जोसेफ हूकर सिक्कीम आणि खासी टेकड्यांतून बुरश्या गोळा करून आणील, त्याही इथेच येतील. किंग्ज क्लिफचा हा पाद्री हिमालयाचा उंबरठा न ओलांडता हिमालयातल्या बुरश्यांना नावं देणार आहे. मला हे थोडं खटकतं, खरं सांगायचं तर. ज्या डोंगरात ती अळंबी उगवली तिथल्या लोकांनी तिला आधीच काहीतरी म्हटलं असणार. ते पाकिटावर क्वचितच आलं. पण वर्णन आणि नमुना जपून ठेवला गेला, म्हणून आज ती कुठली होती हे ताडून तरी बघता येतं.

आता पुन्हा बटाट्याच्या करप्याकडे.

१८४६चा जानेवारी. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात बर्कलींचा लेख आलाय, सोबत त्यांनी स्वतः काढलेली चित्रं. म्हणणं असं: बटाटा कुजतो म्हणून बुरशी येत नाही, बुरशी येते म्हणून बटाटा कुजतो. आज हे वाक्य शाळेतलं पोर म्हणेल. तेव्हा ते जवळपास वेडेपणाचं होतं. सगळ्या जगाचा अनुभव उलटा होता. भाकरी शिळी झाली की बुरा येतो, चामडं ओलं राहिलं की बुरा येतो. बुरा म्हणजे वरातीमागून घोडं. कुजण्यातूनच असले जीव आपोआप उपजतात, असं मानणारे विद्वान मुबलक होते आणि पाश्चरचे प्रयोग अजून दीड दशक दूर होते.

विरोधकही कुणी ऐरागैरा नव्हता. जॉन लिंडली हे लंडन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागायतीच्या साप्ताहिकाचे संपादक. रोगाची बातमी इंग्लंडभर पोचवली ती त्यांनीच. त्यांचं निदान: उन्हाळा थंड आणि पावसाळी गेला, झाडांनी सोसवणार नाही इतकं पाणी प्यायलं, ऊन नसल्यामुळे ते बाहेर टाकता आलं नाही, आणि झाडं आतून सडली. बुरशी नंतर आली. पटण्यासारखं आहे की नाही? पाऊस तर खरोखरच होता. इतरांच्या कल्पनांना तर लगाम नव्हता: विजा, आगगाड्यांमुळे हवेत पसरलेली वीज, ज्वालामुखींचे वायू, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं नवं खत. धर्मभीरू मंडळींनी पापाचा हिशेबही मांडला. पाद्री असलेल्या बर्कलींनी तो मांडला नाही, हे मला विशेष वाटतं. त्यांनी पान उलटं केलं.

मधल्या काळात सरकारने लिंडली आणि रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअर यांना आयर्लंडला धाडलं होतं. डब्लिनचे रॉबर्ट केन त्यांच्या जोडीला. समितीने सल्ला दिला की बटाटे कोरडे करा, हवा खेळती राहील असे खड्डे करून त्यांत साठवा. लोकांनी जमेल तसं केलं. खड्डे उघडले तेव्हा आत काळा राडा होता. कारण चुकलं की उपाय चुकतो, आणि उपाय चुकला की घोडं पेंड खात बसतं. इथे बसलं होतं ते उपाशी माणसांच्या जिवावर.

बर्कलींच्या बाजूने काय होतं? ती हिरवी पट्टी. मेलेल्या भागाच्या पुढे, जिवंत हिरव्या पानात, तंतू आधी पोचलेले त्यांनी पाहिले होते. घोडं वरातीच्या पुढे होतं. पण न्यायालयात उभं करायचं तर एवढ्यावर भागत नाही. निरोगी झाडावर बीजाणू पेरून रोग आणून दाखवायला हवा, बीजाणू पानात कसा शिरतो ते दाखवायला हवं. ते त्यांच्याकडे नव्हतं, आणि आपल्याकडे आहे असा आवही त्यांनी आणला नाही. ओल्या हवेचा वाटाही त्यांनी नाकारला नाही.

आता तुमच्या संयमाची परीक्षा. ते टेबलाशी बसलेत, पट्टीवर लिंबाच्या आकाराचे कण आहेत. पाण्याचा थेंब जरा गार ठेवला आणि तास-दोन तास धीर धरला, तर यातला एकेक कण फुटेल आणि आतून शेपटीचे बारीक जीव पोहत बाहेर पडतील. पाऊस, थंडी आणि रोग यांची गाठ तिथे आहे: पानावरच्या थेंबात ते पोहतात, थांबतात, तंतू काढतात आणि आत शिरतात. लिंडलींचा पाऊसही खरा, बर्कलींची बुरशीही खरी. तुमच्या जिभेवर शब्द येतो. गिळा. शिवाय आणखी एक गिळा: मोरचूद. फ्रान्समध्ये बेनेदिक्त प्रेव्होस्तने १८०७ सालीच दाखवून दिलं होतं की गव्हाच्या काणीचं मूळ बुरशीच्या बीजाणूंत आहे आणि तांब्याच्या क्षाराने ते बीजाणू रुजत नाहीत. छापलेलं होतं ते. फारसं कुणी मनावर घेतलं नाही, बटाट्याच्या पानावर मोरचूद शिंपडायची पद्धत तर पडलीच नाही.

लिंडलींच्या बाजूचं वजन जास्त होतं. तरी एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकली पाहिजे: आपल्याच साप्ताहिकात बर्कलींना त्यांनी जागा देणं थांबवलं नाही. पुढे १८५४ ते १८५७ या काळात वनस्पतींच्या रोगांवरची बर्कलींची दीडशेहून जास्त लेखांची मालिका त्याच पानांतून आली. मतभेद असलेल्या माणसाला चार वर्षं सलग रकाना देणारे संपादक तेव्हाही थोडे असतील, आज तर विचारूच नका.

चला, १८४७. केंटच्या किनाऱ्यावरचं मार्गेट. टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षांवर राखेसारखी पूड दिसलीय. मणी तडकतात, वाढत नाहीत. नमुना अर्थातच बर्कलींकडे. त्यांनी माळ्याचंच नाव दिलं: ओइडियम टकेराय. टकरने तोवर गंधक आणि चुना वापरून पाहिला होता आणि त्याला गुण आला होता. नाशिकच्या वाचकाला एव्हाना ओळख पटली असेल. ही भुरी. निफाड-दिंडोरीच्या बागांत आजही तिच्यावर सल्फर मारतात ते टकरच्या माहेराहूनच आलेलं आहे. बुरशीचं नाव मात्र बदललं. अमेरिकेच्या श्वाइनिट्झने तिच्या दुसऱ्या अवस्थेला आधीच नाव दिलेलं निघालं, आणि आधी दिलेलं नाव टिकतं हा नियम. त्यामुळे टकर आज फक्त समानार्थी नावांच्या यादीत आहे. वर्गीकरणात हे रोजचं आहे. बुरशी एकाच आयुष्यात दोन वेगवेगळी रूपं घेते, दोघं जण ती वेगळ्या रूपांत पाहतात, दोन नावं देतात, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून सांगतो की हा एकच जीव. त्या वेळी पाकिटंच नसली तर काय ठेवणार शेजारी?

द्राक्षांचीच आणखी एक गोष्ट. अमेरिकेत, कॅरोलायनात, मोझेस ॲश्ली कर्टिस नावाचा आणखी एक पाद्री होता. घराभोवतालच्या रानातली अळंबी खाऊन बघण्याचा त्याला नाद आणि जमवण्याचंही वेड. तो पाकिटं पाठवी, दोघं मिळून नावं देत. त्यांत रानटी द्राक्षवेलीच्या पानामागची एक पांढरी लव होती. तिला त्यांनी व्हिटिकोला असं विशेषण लावलं आणि पाकीट ठेवून दिलं. तीसेक वर्षांनी, म्हणजे १८७८च्या सुमारास, तीच लव फ्रान्सच्या द्राक्षबागांत उतरली. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की बागायतदाराची झोप उडवणारी ‘डाऊनी’ ती हीच, पुस्तकात जिला केवडा म्हणतात. बोर्दोच्या मियार्देने १८८२मध्ये बघितलं की रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना फासतात, आणि तेवढ्याच वेली हिरव्या राहिल्यात. १८८५ साली त्याने मिश्रण जाहीर केलं. तेच बोर्डो मिश्रण. ते बटाट्यावर मारलं, आणि करपा आटोक्यात आला. आयर्लंडच्या दुष्काळाला चाळीस वर्षं झाली होती. बटाट्याचं औषध बटाट्याच्या शेतात सापडलं नाही. ज्या दोन रोगांना बर्कलींनी वेगवेगळ्या पाकिटांत ठेवलं होतं, ते एकमेकांचे नातलग निघाले आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडलं.

पण आपण पुढे धावलो. १८६१मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला क्षणभर थांबा. हाइनरिख आन्तोन द बारी, वय तीस. बर्कलींनी जे केलं नाही ते सगळं तो करतोय: निरोगी झाडांवर बीजाणू, शेजारी बीजाणू न घातलेली झाडं, आणि थेंबावर नजर. पोहणारे जीव त्याने पाहिले. बीजाणू घातलेली झाडं करपली, दुसरी राहिली. पंधरा वर्षांचा वाद एका पुस्तिकेत मिटला. बुरशीचं घराणं बदलून पुढे १८७६मध्ये त्यानेच तिला फायटोप्थोरा हे नाव दिलं. इन्फेस्टन्स मात्र मोंताञचंच राहिलं.

१८६९ला बर्कली सिबर्टॉफ्ट या दुसऱ्या गावी आहेत. वर्षभरापूर्वीच बदली झाली. वय ६६. सिलोनच्या पेराडेनिया बागेतून थ्वेट्स यांनी कॉफीचं पान पाठवलंय, त्याच्या पाठीवर केशरी भुकटीचे ठिपके. बीजाणू विचित्र आहे, एक बाजू फुगीर आणि खरबरीत, दुसरी सपाट आणि गुळगुळीत. तसं काही आधी कुणी नोंदवलेलं नाही, म्हणून बर्कली आणि त्यांचे जुने सहकारी ब्रूम यांनी नवी प्रजातीच केली: हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स, विध्वंस करणारी. नोव्हेंबरमध्ये ते वर्णन ‘गार्डनर्स क्रॉनिकल’मध्ये छापलं. मळेवाल्यांनी पहिल्यांदा फारसं लक्ष दिलं नाही. वीस वर्षांत सिलोनची कॉफी संपली आणि त्या टेकड्यांवर चहा आला. हा तांबेरा भारतातही पोचला. कोडगूच्या कॉफीवर आजही बोर्डो मिश्रण फवारतात. त्या एका केशरी पानापासून श्रीलंकेच्या चहाचा इतिहास सुरू होतो असं कुणी म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, फार नाही.

१८७९. सगळी पाकिटं बांधली जातायत. नऊ हजारांहून अधिक नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानाला दिले जाणार. सहा हजारांच्या आसपास नव्या जातींची वर्णनं या माणसाच्या नावावर आहेत, ‘बर्क.’ ही अक्षरं जगभरच्या याद्यांत त्यांच्या मागे लागतात. त्यांतली कित्येक नावं रद्द झाली, कित्येक दुसऱ्या घराण्यात गेली. नमुने आहेत तिथेच आहेत. नवी जात सांगणाऱ्याला आजही एक नमुना कुठल्या तरी संग्रहात ठेवावाच लागतो, आणि शंका आली की तिथे जाऊन तो उघडावा लागतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरश्यांचा संग्रह आहे, तोही याच कामाचा. असल्या संग्रहांवर होणारा खर्च हा पहिला कापायचा खर्च, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचा परिच्छेद वाचावा.

बटाट्याच्या करप्याचा जीव बुरशीच नाही, हे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झालं. त्याची पेशीभित्ती वेगळी, पोहणारे बीजाणू वेगळे, आणि नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी जवळचं. आणि २०१३ साली संशोधकांनी क्यू आणि म्युनिकच्या संग्रहांतल्या एकोणिसाव्या शतकातल्या वाळक्या पानांचे बारीक तुकडे घेऊन त्यांतून त्या जीवाचा डीएनए काढला, तेव्हा दुष्काळ आणणारा वाण विसाव्या शतकात जगभर पसरलेल्या वाणाहून वेगळा होता, हे स्पष्ट झालं.